साउथ पास

साउथ पास : अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातील रॉकी पर्वतामधली खिंड. उंची सु. २,२६० मी. एकोणिसाव्या शतकात ओरेगन, कॅलिफोर्निया व यूटाकडे निघालेल्या स्थलांतरितांच्या बैलगाड्यांनी रॉकी पर्वत मुख्यतः याच वाटेने ओलांडला. १८४० ते १८६९ या काळात येथून गेलेल्यांची संख्या साडेतीन ते पाच लाखांच्या दरम्यान धरली जाते.

खिंड म्हटले की मराठी वाचकाला दोन कड्यांमधली चिंचोळी वाट आठवते. साउथ पास तशी मुळीच नाही. उत्तरेला विंड रिव्हर पर्वतरांग उतरत येऊन संपते, दक्षिणेला ओरेगन ब्यूट्स नावाच्या टेकड्या दिसतात आणि मधे कित्येक मैल रुंदीचे, सेजची खुरटी झुडपे माजलेले, वाऱ्याने झोडपलेले माळरान पसरले आहे. चढ इतका सौम्य की माथा कधी आला ते कळत नाही. १८४२ मध्ये लष्करी सर्वेक्षक जॉन फ्रेमाँट येथे आला तेव्हा किट कार्सनसारखा मुरलेला वाटाड्या बरोबर असूनही नेमका माथा शोधायला बारकाईने पाहावे लागले. या चढाची तुलना त्याने वॉशिंग्टनमधल्या कॅपिटॉल टेकडीच्या चढाशी केली. प्रवाशांना खात्री पटे ती पाण्यावरून. माथ्याच्या पूर्वेकडील स्वीटवॉटर नदीचे पाणी प्लॅट, मिसूरी व मिसिसिपीमार्गे मेक्सिकोच्या आखाताकडे जाते. पश्चिमेला थोड्याच अंतरावर पॅसिफिक स्प्रिंग्ज हे झरे लागतात आणि तिथले पाणी ग्रीन व कोलोरॅडो नद्यांच्या खोऱ्यात उतरते. तिथे पोचले की खंडाचा जलविभाजक मागे पडला असे समजायचे.

या सपाटपणातच खिंडीचे सगळे महत्त्व आहे. याहून उत्तरेच्या वाटा घोडा किंवा माणूस चढून जाईल अशा होत्या. लुइस व क्लार्क या अमेरिकी संशोधक-प्रवाशांनी १८०५ मध्ये ओलांडलेली लेम्ही खिंड त्यांपैकीच एक. पण धान्य, अवजारे आणि संसार भरलेली चारचाकी गाडी तिथून नेणे अवघड होते. साउथ पासकडे जाताना प्लॅट, नॉर्थ प्लॅट आणि स्वीटवॉटर या नद्यांच्या काठाकाठाने जवळजवळ अखेरपर्यंत पाणी आणि चारा मिळे. बैलांच्या जोरावर चालणाऱ्या प्रवासात एवढे जुळून आले की वाट ठरलीच.

येथील मूळ रहिवाशांना खिंड आधीपासून ठाऊक होती. गोऱ्यांपैकी पहिल्यांदा, ऑक्टोबर १८१२ मध्ये, रॉबर्ट स्टुअर्ट आणि त्याचे साथीदार ॲस्टर यांच्या फर व्यापारी कंपनीच्या कामासाठी ओरेगन किनाऱ्याहून पूर्वेकडे येताना येथून गेले. ती माहिती फारशी पसरली नाही. १८२४ मध्ये जेडेडाया स्मिथच्या शिकारी टोळीने खिंड पुन्हा गाठली. उत्तरेकडची वाट बर्फाने अडली होती आणि पुढचा रस्ता क्रो या मूळ रहिवासी जमातीच्या लोकांकडून कळला. टोळीतल्या जेम्स क्लायमनने सांगून ठेवले आहे की बायसनच्या कातड्यावर वाळू पसरून, तिचे ढीग म्हणजे डोंगर असे मानून, त्यांनी क्रो लोकांकडून हा मुलूख समजून घेतला. ‘शोध’ हा शब्द इथे वापरायचा तर एवढी आठवण ठेवून वापरावा.

१८३२ मध्ये कॅप्टन बॉनव्हिलने भरलेल्या गाड्या खिंडीपार नेल्या. १८३६ मध्ये नार्सिसा व्हिटमन आणि एलायझा स्पॉल्डिंग या मिशनऱ्यांच्या बायका येथून गेल्या. ही वाट बायकांना झेपते, म्हणजे कुटुंबकबिल्यासह जाता येते, असा अर्थ पूर्वेकडच्या लोकांनी त्यातून काढला. १८४३ मध्ये सुमारे हजार माणसे एकाच हंगामात ओरेगनकडे निघाली. त्यावेळी खिंडीपलीकडचा मुलूख निर्विवादपणे अमेरिकेचा नव्हता. ओरेगनवर ब्रिटन व अमेरिका दोघांचाही हक्क मानला जाई. तो वाद १८४६ च्या तहाने मिटला, तोवर गाड्यांची रीघ लागलेली होती. १८४७ पासून मॉर्मन पंथीय यूटाकडे जाऊ लागले आणि १८४९ पासून सोन्यामागे लागलेले कॅलिफोर्नियाकडे.

मिसूरीतल्या इंडिपेंडन्सपासून ओरेगन सुमारे ३,२०० किमी., आणि खिंड साधारण निम्म्यावर. वसंतात निघून जुलैच्या सुमारास इथे पोचावे, म्हणजे पुढचे डोंगर बर्फाआधी पार होतात, असा हिशेब असे. तो चुकला की काय होते ते १८५६ मध्ये दिसले. बैलगाडी परवडत नसलेले मॉर्मन हातगाड्या ओढत निघाले होते. त्यांच्या विली व मार्टिन या तुकड्या उशिरा निघाल्या आणि ऑक्टोबरच्या हिमवादळात खिंडीच्या अलीकडेच सापडल्या. विली तुकडीने वादळातच रॉकी रिज हा चढ पार केला आणि रॉक क्रीकपाशी एकाच रात्रीनंतर तेरा जणांना एका खड्ड्यात पुरले. दोन्ही तुकड्यांतील मृतांचा आकडा दोनशेच्या आसपास जातो.

पोनी एक्सप्रेसचे टपालस्वार (१८६०-६१) आणि १८६१ ची तारायंत्राची लाइनही याच खिंडीतून गेली. रेल्वे मात्र गेली नाही. युनियन पॅसिफिकने कोळशाचे साठे असलेला दक्षिणेकडचा जवळचा मार्ग निवडला आणि १८६९ मध्ये तो पुरा झाल्यावर बैलगाड्यांचा रस्ता ओस पडू लागला.

१८६७ मध्ये जवळच सोने सापडून साउथ पास सिटी हे गाव उभे राहिले. काही वर्षांतच ते ओसरले, तरी वायोमिंगच्या प्रादेशिक विधिमंडळात स्त्रियांच्या मताधिकाराचे विधेयक मांडणारा विल्यम ब्राइट याच गावचा. १० डिसेंबर १८६९ रोजी तो कायदा झाला आणि १८७० मध्ये गावातल्याच एस्थर मॉरिस न्यायाधीशपदी नेमल्या गेल्या. शोशोनी या मूळ रहिवासी जमातीच्या वाट्याला वेगळा हिशेब आला. १८६८ च्या तहाने त्यांना दिलेल्या विंड रिव्हर राखीव क्षेत्राच्या दक्षिण भागात या खाणी होत्या, आणि १८७२ च्या ब्रुनो कराराने तो भाग सरकारने परत घेतला.

१९०६ मध्ये एझ्रा मीकर हा वृद्ध गृहस्थ बैलगाडीने हाच मार्ग उलट दिशेने आला आणि त्याने माथ्यावर दगड उभारला. १८५२ मध्ये तो तरुणपणी येथून ओरेगनला गेला होता. दगडावर ‘१८४३-५७’ अशी वर्षे आहेत. वाहतूक त्याआधी सुरू होऊन नंतरही चालूच होती. त्याच्या शेजारी १९१६ चा दुसरा दगड व्हिटमन व स्पॉल्डिंग यांच्या स्मरणार्थ आहे. १९६१ मध्ये खिंड राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरली. गाड्यांच्या चाकोऱ्या माळावर काही ठिकाणी अजून स्पष्ट दिसतात.