थकलेल्या भाड्याची नोटीस आणि तिच्यामागची पन्नास वर्षे

भाडे थकले की जागा खाली करून मिळते, असा समज नाशिकच्या रविवार कारंजाजवळच्या वाड्याच्या मालकापासून सिडकोत एक खोली भाड्याने देणाऱ्यापर्यंत सगळ्यांचा असतो. कायद्याचा कल सुरुवातीपासून उलट आहे. भाडेकरू पैसे देत असेल किंवा द्यायला तयार असेल, तर थकबाकीच्या नावाखाली त्याला बाहेर काढता येत नाही.

हे सूत्र 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यातले. महायुद्धानंतरच्या घरटंचाईत भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधली गेली आणि तिथेच राहिली. पंचवटीतल्या वाड्यांची कौले फेरायलाही ते भाडे पुरेना. डिसेंबर 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवणूक अवाजवी ठरवली, ते फार उशिरा.

त्या कायद्यात थकबाकीसाठी कडक वाटणारी एक तरतूद होती: सहा महिन्यांचे भाडे थकले, रकमेबद्दल वाद नाही आणि नोटीस मिळून महिना उलटला, तर ताबा. पण अट अशी, की भाडे महिन्याच्या महिन्याला देय असले पाहिजे. मालकाने भाड्यासोबत नगरपालिकेची पट्टीही भाडेकरूवर टाकली असेल तर ती देय वर्षाने. मग संपूर्ण भाडे ‘मासिक’ उरत नसे, कडक तरतूद गळून पडे आणि भाडेकरूला कोर्टात पैसे भरून सुटता येई. पट्टीच्या चार रुपयांपायी ताब्याचे दावे गेले. 1987 च्या दुरुस्तीने हा फरक मिटवला, पण मिटवला तो भाडेकरूच्या बाजूने.

31 मार्च 2000 पासून लागू असलेल्या 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने कलम 15 मध्ये दोन संधी दिल्या. आधी लेखी मागणीची नोटीस, ती मिळाल्यापासून नव्वद दिवस. तोवर दावा लावता येत नाही. ऐंशीव्या दिवशी लावलेला दावा मुदतपूर्व म्हणून जातो. दावा लागल्यावर समन्स बजावल्यापासून पुन्हा नव्वद दिवस. त्यात थकबाकी, तिच्यावर वार्षिक 15 टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च भरला, की ताब्याचा हुकूम होत नाही. नोटिशीला दाद न देणाऱ्याला ही दुसरी मोकळीक का, हा मालकांचा प्रश्न गैर म्हणता येणार नाही.

मात्र एकदा भरून भागत नाही. दावा संपेपर्यंत दरमहा भाडे भरत राहावे लागते आणि बहुतेक भाडेकरू अडकतात ते इथेच. म्हणून मालकाच्या वकिलाने कोर्टातल्या भरण्याच्या तारखांचा उतारा वेळोवेळी काढून ठेवावा.

नोटीस फसते ती साध्या गोष्टींनी. मुदतबाह्य, म्हणजे तीन वर्षांपूर्वीची बाकी मागितलेली असते. वीजबिल भाड्यात मिसळलेले असते. मूळ भाडेकरू वारला असताना नोटीस त्याच्याच नावाने जाते. महिनावार तक्ता जोडावा, रजिस्टर पोस्टाची पोच जपावी. मालकाने मनिऑर्डर परत पाठवली असेल तर ‘द्यायला तयार होतो’ हे भाडेकरूला फुकटात सिद्ध करता येते. नळ किंवा वीज तोडणे कलम 29 खाली गुन्हा आहे, आणि त्याने मालकाचीच बाजू लंगडी होते.

लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे जागेत हक्क न देता ठरावीक मुदतीपुरती वापराची परवानगी देणाऱ्या कराराची, वाट वेगळी. 1 फेब्रुवारी 1973 रोजी चालू करारावर राहत असलेल्यांना कायद्याने भाडेकरूचे संरक्षण दिले, तेव्हापासून मालक कराराला बिचकू लागले. आता कलम 24 प्रमाणे राहत्या जागेच्या ताब्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा अर्जांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो. समोरच्याने 30 दिवसांत बचावाची परवानगी मागावी लागते, आणि मुदतीनंतरच्या दिवसांची भरपाई दुप्पट दराने असते. मेख अशी, की कलमाचे शब्द ‘मुदत संपल्यावर’ असे आहेत. तिसऱ्याच महिन्यात भाडे थांबले तर करारात थकबाकीवरून लायसन्स रद्द करण्याचे कलम असावे लागते, आणि रद्द करणे म्हणजे मुदत संपणे का, यावर वाद होतोच. अनामत तेवढ्यात संपते. करार अकरा महिन्यांचा असला तरी कलम 55 प्रमाणे नोंदणी सक्तीची आहे. ती केली नसेल तर अटींबद्दल समोरचा म्हणेल तेच आधी धरले जाते.

अंबड-सातपूरच्या औद्योगिक गाळ्यांना कलम 24 लागत नाही; ते राहत्या जागेपुरते आहे. गाळा एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा (भागधारकांनी प्रत्यक्ष भरलेल्या) भांडवलाच्या कंपनीकडे असेल तर भाडे नियंत्रण कायदाच लागू होत नाही. मग करार आणि 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, एवढ्यावरच दावा चालतो.