मोरीचं पाणी, गॅलरीतल्या कुंड्या आणि सोडियम

कोकणातल्या घरामागे मोरीचं पाणी जिथे उतरतं तिथे अळू, केळ नाहीतर कर्दळ हमखास दिसते. त्यांना वेगळं पाणी घालायला कोणी जात नाही. आंघोळीचं, भांड्यांचं, धुण्याचं सगळं त्यांच्याच मुळाशी जातं आणि ती फोफावतात. मग मुंबईच्या फ्लॅटमध्ये हेच पाणी गॅलरीतल्या कुंड्यांना का घालू नये?

घालावं. भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी शंभर-एक किलोमीटरवरून आणायचं, शुद्ध करायचं, उपसून गच्चीवरच्या टाकीत चढवायचं आणि एकदा अंगावर ओतून गटारात सोडायचं, यात शहाणपण कमीच. वरळी आणि वांद्र्याला तर सांडपाणी समुद्राखालच्या बोगद्यांमधून तीन किलोमीटरहून लांब नेऊन सोडलं जातं. पण परसातली ती जुनी सोय दोन गोष्टींवर चालायची. भांड्यांना राख आणि डोक्याला शिकेकाई असायची. राखेतला क्षार पोटॅशचा, तो झाडांना हवाच असतो. दुसरी गोष्ट पाऊस. वर्षभरात मातीत जे साचेल ते जून-जुलैमध्ये धुऊन निघायचं. गॅलरीतल्या कुंडीला यातलं काहीच मिळत नाही.

साबण म्हणजे तेलातल्या मेदाम्लांचा सोडियम क्षार. कपड्यांच्या पावडरीत सोडियम त्याहून जास्त असतं: धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट, वजन भरायला सोडियम सल्फेट, आणि फेस करणारं रसायनही बहुतेक वेळा सोडियमचंच. झाडांना सोडियमची गरज जवळजवळ नसते. मळाचं म्हणाल तर तो मातीतले जिवाणू खाऊन टाकतात. सोडियम मात्र खाऊन संपत नाही. पाणी उडून जातं, सोडियम कुंडीत राहतं.

ते मातीचं काय करतं हे जरा जवळून बघू. चिकणमातीचे कण पातळ, चपटे असतात आणि त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो. कॅल्शियमच्या आयनावर दोन धन भार असल्यामुळे तो शेजारशेजारच्या कणांना एकत्र धरून ठेवतो. त्यातून मातीच्या बारीक गुठळ्या बनतात आणि गुठळ्यांमधल्या फटींतून पाणी आणि हवा मुळांपर्यंत जाते. सोडियमवर एकच भार असतो, शिवाय तो पाण्याचे रेणू भोवती गोळा करून फुगलेला असतो. कॅल्शियमच्या जागी तो बसला की पकड सुटते, कण सुटे होतात आणि त्याच फटी बुजवतात. मग कुंडीत घातलेलं पाणी वरच तळ्यासारखं साचतं, वाळल्यावर पापुद्रा धरतो, मातीच्या कुंडीला बाहेरून पांढरी खर येते. वर भर म्हणजे सोड्यामुळे माती अल्कधर्मी होते आणि तिच्यातलं लोह झाडाला उचलता येत नाही. अनंत आणि एक्झोरा हे पहिल्यांदा दाखवतात: नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. लोक याला खत कमी पडलं समजून आणखी खत घालतात, म्हणजे आणखी क्षार.

मुंबईत यात एक खोच आहे. आपलं तलावाचं पाणी मृदू. त्यात विरघळलेले क्षार सहसा लिटरला शंभर मिलिग्रॅमच्याही आत असतात, त्यामुळे फेस पटकन होतो आणि पावडर निम्मी घातली तरी कपडे निघतात. पण मृदू म्हणजेच कॅल्शियम कमी. सोडियमचा उपद्रव नुसत्या त्याच्या प्रमाणावर नाही, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या तुलनेत ते किती आहे यावर ठरतो. म्हणून तेवढीच पावडर मुंबईच्या पाण्यात मातीला जास्त बाधते.

म्हणून सगळं धुणं एकाच मापाने मोजू नये. वीस लिटर पाण्यात साठ ग्रॅम पावडर घातली तर लिटरला ३,००० मिलिग्रॅम झाली. कपडे पिळल्यावर त्यांच्यात चार लिटर पाणी उरलं असं धरा. खळबळायला पुन्हा वीस लिटर होईल इतकं पाणी घेतलं की प्रमाण ६०० वर येतं, दुसऱ्यांदा खळबळल्यावर १२० वर. पहिलं पाणी कुंडीला नकोच, ते संडासात ओतायला उत्तम. शेवटचं खुशाल घाला. मशीन असेल तर तिचा पाइप मोरीत सोडलेला असतो. शेवटच्या खळबळीला त्याखाली बादली ठेवली की झालं. आंघोळीचं पाणीही बरंच सौम्य असतं, फक्त ते गोळा करायचं तर टबात उभं राहून आंघोळ करावी लागते आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना ते पटवणं माझ्या मते रसायनशास्त्राहून अवघड आहे. भांड्यांच्या सिंकचं पाणी सोडून द्या, त्यातलं तेल मातीवर तवंग धरतं. तांदूळ-डाळीचं, भाजीचं धुवण मात्र हक्काचं. मासळीचं पहिलं पाणी गुलाबाला घालायची आपली रीत चुकीची नाही, त्यात नत्र असतं. मांजरांची तयारी ठेवा.

रोगजंतू आंघोळीच्या पाण्यातही असतात. तान्ह्या बाळाचे लंगोट किंवा आजारी माणसाचे कपडे धुतलेलं पाणी कुंडीला घालू नये, आणि कोथिंबीर, पुदिना, पालक असं कच्चं किंवा अर्धकच्चं खायचं त्याला तर कुठलंच वापरलेलं पाणी नको. पाणी झारीने पानांवर न शिंपडता बुंध्याशी ओतावं.

ते साठवू तर अजिबात नये. पाण्यातला मळ खाताना जिवाणू ऑक्सिजन संपवतात. तो संपला की सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंचं फावतं, आणि एका दिवसानंतर पिंपाला सडक्या अंड्यांचा वास येतो तो त्यांच्यामुळे. शिवाय डास. डेंग्यूच्या एडिसला स्वच्छ साठलेलं पाणी आवडतं, क्युलेक्सला घाण पाणीही चालतं, म्हणजे पिंप कसंही भरा, कोणीतरी येणारच. अंड्यापासून उडणारा डास व्हायला मुंबईच्या उकाड्यात आठ-दहा दिवस पुरतात. सकाळचं पाणी संध्याकाळपर्यंत कुंड्यांत गेलेलं बरं.

आरओच्या नळीतून वाहून जाणाऱ्या पाण्याबद्दल लोक उगाच घाबरतात. महापालिकेचं पाणी मुळातच इतकं कमी क्षारांचं आहे की टाकाऊ पाणीही झाडांना चालतं. (अशा पाण्याला आरओ लागतोच कशाला, हा खरा प्रश्न.) सोसायटीत बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी मिसळत असेल तर मात्र ते पाणी झाडांपासून दूर ठेवा, किनाऱ्याजवळच्या विहिरी खाऱ्या निघतात.

आणि कुंडी आधीच दगड झाली असेल तर? अंड्याची टरफलं टाकून काही होत नाही. ती कॅल्शियम कार्बोनेटची, अल्कधर्मी मातीत विरघळतच नाहीत. खताच्या दुकानात मिळणारं जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, बारा इंची कुंडीला दोन चमचे वरच्या मातीत कालवावं आणि थोडं थोडं पाणी देत राहावं. कॅल्शियम आपली जागा परत घेतं, सुटलेलं सोडियम भरपूर पाणी ओतून खालच्या भोकातून घालवायचं. त्या धुण्याला एसीच्या नळीतून टपकणारं पाणी उत्तम, कारण हवेतली वाफ थंड होऊन बनलेल्या त्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच. पण जिप्सम आधी आणि एसीचं पाणी नंतर. क्रम उलटला तर त्या निव्वळ पाण्याने चिकणमाती आणखी सुटते आणि भोकातून गढूळ पाणी येऊ लागतं.