कुत्र्याचा तपकिरी गोचीड: एका नावाखाली किती जाती?

कुत्र्याच्या कानामागे सापडणारा तपकिरी गोचीड म्हणजे जगभर एकच जात, असं खूप वर्षं धरून चाललं होतं, पण ते तसं नाहीये आणि घोळ अगदी पहिल्या नोंदीपासूनच आहे. 1806 साली लात्रेय या फ्रेंच कीटकतज्ज्ञाने त्याला सँग्विनियस नाव दिलं, वर्णन जेमतेम दोन ओळींचं, रक्तासारखा रंग, अंगावर ठिपके आणि मागच्या बाजूला तीन दबलेल्या रेघा, बस्स. आता हे वर्णन कितीतरी गोचीडांना लागू पडेल! त्यात ज्या नमुन्यावरून ते लिहिलं तोही राहिला नाही, त्यामुळे पडताळून बघायचं तरी कशाशी?

1844 मध्ये कोख या जर्मन अभ्यासकाने ऱ्हिपिसेफॅलस ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, वेगळी काढली, आणि सँग्विनियस त्यातलाच. मग सगळी भिस्त शरीररचनेवर, म्हणजे श्वासरंध्राभोवतीच्या चकतीचं शेपूट किती रुंद आहे, नराच्या गुदद्वाराजवळच्या पट्ट्या कशा आहेत, मादीच्या जननछिद्राचा आकार कसा आहे, हे सगळं सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. पण एकाच मादीने घातलेल्या अंड्यांतून निघालेली भावंडंसुद्धा आकाराने कमीजास्त असतात, अर्धपोटी राहिलेला गोचीड बुटका राहतो आणि रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी तर ओळखूच येत नाही. 1940 साली वर्णन झालेला टुरॅनिकस हा त्याच प्रजातीतला दुसरा गोचीड आणि सँग्विनियस यांच्यात भलेभले गोंधळले ते यामुळेच, माझ्या मते त्यात त्यांचा दोष नव्हता.

खरी कलाटणी मिळाली ती डीएनएमुळे. 2005 साली ब्राझील आणि अर्जेंटिनामधल्या गोचीडांची तुलना झाली, मायटोकॉन्ड्रियातला (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातला) डीएनए वेगळा निघालाच, शिवाय दोघांचा संकर केला तर पुढची पिढी नापीक! मग उष्ण प्रदेशातला आणि समशीतोष्ण प्रदेशातला असे दोन वंश मानले जाऊ लागले. हा फरक नुसता कागदावरचा नाही हो, प्रयोगांमध्ये उष्ण प्रदेशातल्या वंशाने कुत्र्यांना एर्लिशिया या जिवाणूचा गोचीड ताप दिला आणि दक्षिण अमेरिकेतल्या समशीतोष्ण वंशाला तो देता आला नाही.

तरी एक अडचण उरलीच, नुसत्या सिक्वेन्सला, म्हणजे डीएनएतल्या अक्षरांच्या क्रमाला, नाव कसं द्यायचं? नाव चिकटतं ते खऱ्या नमुन्याला. म्हणून 2018 मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिए इथला एक नर नवा प्रमाण नमुना ठरवला, त्याची शरीररचना नव्याने लिहिली, सोबत डीएनएही दिला, आणि अखेर सँग्विनियस हे नाव समशीतोष्ण वंशाकडे गेलं. उष्ण प्रदेशातल्या वंशासाठी 2021 मध्ये लिनेई हे 1826 सालचं, इजिप्तमधल्या गोचीडाला दिलेलं जुनं नाव बाहेर काढलं. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हेच, की डीएनएने सांगितलं फरक कुठे आहे आणि मग त्याच जुन्या चकत्या, पट्ट्या पुन्हा नीट बघितल्यावर काय शोधायचं ते कळलं.

आता जुने पेपर वाचताना मात्र जपून, उष्ण प्रदेशातल्या गोचीडावर झालेलं कितीतरी काम सँग्विनियस नावानेच छापलेलं आहे, त्यामुळे गोचीड कुठून गोळा केला होता आणि तो कुठे जपून ठेवलाय का, हे आधी बघावं लागतं.