वनक्षेत्रातील शिलावर्तुळांचे सर्वेक्षण (विदर्भ)

नागपूर परिसरातील शिलावर्तुळे म्हणजे इ.स.पू. पहिल्या सहस्रकातील लोहयुगीन दफनांभोवती मांडलेले मोठे दगड. जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड व टाकळघाट-खापा येथे उत्खनने झाली. जुनापाणीच्या दगडांवरील वाटीसारख्या खळग्यांची माहिती रिव्हेट-कार्नॅक यांनी १८७९ मध्ये प्रसिद्ध केली. राखीव जंगलातील आणि सागाच्या रोपवनांतील वर्तुळांची नोंद करणे मात्र वेगळे काम आहे.

फेब्रुवारी ते मे हा त्यासाठी योग्य काळ. सागाची पाने गळलेली असतात, तरोट्याचे (टाकळ्याचे) रान वाळलेले असते आणि जीपीएसला आकाश मोकळे मिळते. पावसाळ्यात चार पावलांवरचा दगडही दिसत नाही. सर्वेक्षक एका रांगेत, गवत-झुडपानुसार ५ ते १० मीटर अंतर ठेवून चालतात. घाणेरीच्या जाळीत रांग मोडते, तेवढा भाग ‘न पाहिलेला’ म्हणून नकाशावर दाखवावा. तो कोरा सोडला, तर तिथे काही नाही असा अर्थ निघतो.

वर्तुळाचा व्यास उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असा दोनदा मोजतात. उभे, पडलेले व हललेले दगड वेगवेगळे मोजायचे. मधल्या दगडगोट्यांच्या भरावाची उंची आणि मध्यभागी जुना खड्डा आहे का, तेही लिहायचे. असा खड्डा बहुधा धनाच्या आशेने खणलेला असतो. खळगे सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात उठून दिसतात. दुपारच्या छायाचित्रात ते हरवतात.

अक्षांश-रेखांशासोबत नियतक्षेत्र (एका वनरक्षकाकडचा भाग, बीट) आणि कक्ष (जंगलाचा क्रमांक दिलेला तुकडा) क्रमांक लिहिला नाही, तर नोंद वनरक्षकाच्या उपयोगाची नाही, कारण जंगलातले सारे काम कक्षानुसार चालते. ती कार्य आयोजनेच्या, म्हणजे वन विभागाच्या कामांच्या आराखड्याच्या, नकाशावर चढली पाहिजे. खरे नुकसान वृक्षतोडीपेक्षा मृद्संधारणात होते: पाणी अडवण्यासाठी उताराला आडवे खणलेले साधारण ६० सेंमी रुंदीचे सलग समतल चर भराव कापत जातात, रोपांचे खड्डे त्यात उतरतात आणि वर्तुळातले सुटे दगड नाल्यावरच्या बांधाला लागतात. मजुरांच्या दृष्टीने तो हाताशी आलेला दगडच! म्हणून आखणीआधी वर्तुळाभोवतीच्या झाडांवर रंगाचे पट्टे मारावेत; दगडांवर रंग कधीच लावू नये.

राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर विनियमित (परवानगीनेच बांधकाम करता येणारे) क्षेत्र असते. जंगलातील असंरक्षित वर्तुळांना हे कवच नाही.