लाइमलाइट: रंगमंचावर चुना जळायचा तेव्हा

एखादी अभिनेत्री ‘लाइमलाइटमध्ये आली’ असं आपण सहज म्हणतो. यातल्या ‘लाइम’चा लिंबाशी काडीचा संबंध नाही. हा चुना, तोही कळीचा. रसायनशास्त्रातलं कॅल्शियम ऑक्साइड.

हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र जाळले की ज्वाला सुमारे २८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. गंमत म्हणजे ही ज्वाला स्वतः अगदी फिकी, जेमतेम दिसणारी. पण तिचा फवारा चुन्याच्या कांडीवर सोडला, की कांडीचा तेवढा ठिपका डोळे दिपवणारा पांढरा उजेड फेकू लागतो. लोखंड १५३८ अंशांनाच वितळतं. चुना मात्र २६०० अंशांच्या आसपासपर्यंत घट्ट राहतो. सगळी करामत त्याच्या या चिवटपणाची.

या दिव्याचं पहिलं मोठं काम नाटकातलं नव्हतंच. १८२५ साली थॉमस ड्रमंड हा स्कॉटिश लष्करी अभियंता आयर्लंडच्या सर्वेक्षणात होता. नकाशासाठी दूरदूरच्या डोंगरमाथ्यांमधले कोन मोजायचे, आणि तिकडची हवा कायम कुंद. ड्रमंडने एका माथ्यावर चुन्याचा दिवा लावला, तो शंभर किलोमीटरहून दूर, बेलफास्टजवळच्या डिव्हिस डोंगरावरून दिसला! त्यामुळे शोधाचं श्रेयही पुष्कळदा त्यालाच देऊन टाकतात. खरं तर चुना असा पेटवून दाखवणारा गोल्डस्वर्दी गर्नी त्याच्या आधीचा.

१८३७ मध्ये हा दिवा लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात आला. त्यापुढे भिंग बसवलं की झोत हवा तिथे टाकता येई: खिडकीतून येणारं चांदणं म्हणा, नाहीतर नायिकेचा चेहरा. पण प्रत्येक दिव्यापाशी माणूस हवाच. ज्वालेने कांडीला खड्डा पडे, म्हणून ती थोडीथोडी फिरवत राहायची. वायू भरलेल्या पिशव्या फळ्यांमध्ये ठेवून वर वजनं रचायची. दाब बिघडून दोन्ही वायू एकमेकांत मिसळले तर स्फोट! कांड्या ठेवायच्या हवाबंद डब्यात, कारण दमट हवेत कळीचा चुना आपोआप विरून भुगा होतो. एवढा खटाटोप करूनही प्रेक्षकांना दिसायचा तो फक्त नट.

शतक संपता संपता विजेच्या दिव्यांनी चुन्याला हटवलं. तोवर ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी थोरियम आणि सेरियम ऑक्साइडची जाळी तयार केली होती. तत्त्व तेच: ज्वाला तापवते, ऑक्साइड उजळतं. कोकणातल्या दशावताराच्या रात्री ज्या गॅसबत्तीवर रंगल्या, तिचं मॅन्टल म्हणजे हीच जाळी. आणि ब्रिटिश नाट्यगृहांत नटाच्या मागोमाग झोत फिरवणाऱ्या कामगारांना, दिवे विजेचे असूनही, आजही ‘लाइम्स’ म्हणतात.