बनित्सातलं चीज वितळत का नाही?

सोफियात सकाळी बेकरीसमोर लोक कागदात गुंडाळलेली गरम बनित्सा आणि सोबत आयरान (खारट पातळ ताक) नाहीतर बोझा (आंबवलेल्या धान्याचं पेय) घेऊन उभे असतात, बल्गेरियातला हा अगदी रोजचा नाश्ता. मैद्याच्या कागदासारख्या पातळ पाऱ्या (तिकडे त्यांना कोरी म्हणतात), मध्ये सिरेने नावाचं खारट पांढरं चीज, अंडी, दही आणि तेल किंवा बटर, बस एवढंच. पण बेक झाल्यावर वरून कुरकुरीत, आतून मऊ आणि चीजचे तुकडे जसेच्या तसे! पिझ्झासारखी तार अजिबात नाही.

याचं कारण आहे आंबटपणा. दुधातलं केसीन नावाचं प्रोटीन कॅल्शियमने बांधलेलं असतं. सिरेने मिठाच्या पाण्यात कित्येक आठवडे मुरतं, बॅक्टेरिया लॅक्टिक अ‍ॅसिड बनवतात, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) साडेचारच्या आसपास येतो आणि बरंचसं कॅल्शियम विरघळून निघून जातं. या पीएचला केसीनच्या कणांवरचा विद्युतभार जवळपास शून्य होतो, मग एकमेकांना दूर ढकलणारं काही उरतच नाही आणि ते घट्ट चिकटून बसतात. गरम केलं तर पाणी सुटतं, पण चीज वाहत नाही. लिंबू पिळून केलेलं पनीर तव्यावर वितळत नाही त्यामागेही आंबटपणाच आहे. मोझरेलाचा पीएच सव्वापाचच्या जवळ असतो, म्हणून ते ताणलं जातं.

आता दही. बरेच जण आधी दह्यात खायचा सोडा घालतात आणि वाटीतच ते फसफसून वर येतं, सोडा आणि लॅक्टिक अ‍ॅसिड भेटले की कार्बन डायऑक्साइड सुटतो ना, त्यामुळे. आणि हे अ‍ॅसिड बनवणाऱ्या बॅक्टेरियांपैकी एकाच्या नावातच बल्गेरिया आहे, लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस! स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन तरुणाने 1905 मध्ये जिनिव्हात शिकत असताना तो शोधला.

पण फुगण्याचं खरं श्रेय मला वाटतं वाफेला द्यायला हवं. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटींहून जास्त जागा घेते आणि पाऱ्या एकमेकींपासून सुट्या होतात, मधल्या तेला-बटरमुळे त्या परत चिकटत नाहीत, तोवर अंडं घट्ट होऊन सगळं धरून ठेवतं. काही घरांत बेक करण्याआधी वरून सोडावॉटर ओततात, त्यातला गॅस लवकर उडून जातो, कामाला येतं ते पाणीच.

नववर्षाच्या रात्री बनित्सात नाणं आणि भविष्य लिहिलेल्या चिठ्ठ्या घालतात, ज्याच्या तुकड्यात जे येईल ते त्याचं. ओव्हन 200 अंशांवर असला तरी या चिठ्ठ्या जळत नाहीत, कारण आत ओल आहे तोवर तापमान 100 च्या फार वर जातच नाही. वरचा थर मात्र लगेच सुकतो, तापतो आणि तांबूस होतो. तो जास्तच कडक झाला तर बल्गेरियन आज्या थोडं पाणी शिंपडून ट्रेवर कापड टाकतात, निघणारी वाफ आतच अडकते आणि दहा-पंधरा मिनिटांत पाऱ्या नरम पडतात.