ऑब्जेक्टचे आयुष्य आणि संदर्भाची मालकी

ऑब्जेक्टचे आयुष्य : चालू प्रोग्रॅममध्ये एखाद्या ऑब्जेक्टला, म्हणजे माहितीच्या एका तुकड्याला, मेमरीत जागा मिळून त्याची पहिली मांडणी पूर्ण झाल्यापासून तो मोडला जाईपर्यंतचा काळ. त्या ऑब्जेक्टपर्यंत पोहोचण्यासाठी प्रोग्रॅमचा एखादा भाग जो पत्ता जवळ बाळगतो, त्याला संदर्भ म्हणतात. रेफरन्स आणि पॉइंटर ही त्याचीच दोन रूपे. ऑब्जेक्टचे काम संपल्यावर त्याची विल्हेवाट लावून जागा परत करण्याची जबाबदारी म्हणजे मालकी. एका ऑब्जेक्टचे संदर्भ अनेकांकडे असू शकतात, पण जागा परत व्हायची ती एकदाच, आणि शेवटचा वापर झाल्यानंतरच. ही अट पाळली जाते की नाही, याची हमी कोण देतो, हाच या विषयाचा गाभा आहे.

संदर्भ जवळ असणे आणि मालक असणे यांतला फरक नवी मुंबईतल्या वाचकाला घराच्या व्यवहारातून ओळखीचा असतो. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने शहर वसवताना भूखंड सहसा कायमचे विकले नाहीत, तर ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. त्या भूखंडावरच्या इमारतीतली सदनिका पुढे अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स कराराने तिसऱ्याच कुटुंबाला राहायला मिळते. त्या कुटुंबाकडे घराची चावी असते, घर वापरण्याची मुभा असते. पण घर पाडण्याचा किंवा विकण्याचा अधिकार नसतो, आणि ज्याने घर दिले त्याच्या हक्काच्या मुदतीपलीकडे त्यांचा करार जाऊ शकत नाही. प्रोग्रॅममधला साधा संदर्भ म्हणजे अशी चावी. ठाण्यात नौपाड्यातली एखादी जुनी इमारत पुनर्विकासासाठी पाडली, तरी तिच्या चाव्या लोकांच्या खिशात तशाच राहतात. जागा परत केल्यानंतरही मागे उरलेला असा संदर्भ लोंबकळता संदर्भ म्हणून ओळखला जातो. दाखला इथपर्यंतच चालतो. नव्या इमारतीला नवे कुलूप असते, म्हणून जुन्या चावीने तिथे काही उघडत नाही. मेमरीला मात्र कुलूपच नसते. त्याच पत्त्यावर दुसरा ऑब्जेक्ट राहायला आला असेल, तर जुना संदर्भ बिनदिक्कत त्याच्या घरात शिरतो आणि तिथले सामान हलवतो.

आयुष्याचे ढोबळ प्रकार तीन. काही ऑब्जेक्ट प्रोग्रॅम सुरू झाल्यापासून संपेपर्यंत राहतात. काही एखाद्या फंक्शनच्या स्टॅकवर, म्हणजे फंक्शन चालू असेपर्यंतच त्याला मिळणाऱ्या जागेत, जन्मतात आणि फंक्शन परतताच संपतात. उरलेले हीपवर, म्हणजे मागणीनुसार मिळणाऱ्या जागेत, तयार होतात. पहिल्या दोघांचा शेवट कधी होणार हे प्रोग्रॅमच्या रचनेतूनच ठरते, त्यामुळे मालकीचा खरा प्रश्न हीपवरच्या ऑब्जेक्टचा असतो.

बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास आकाराला आलेल्या सी भाषेत या प्रश्नाचे उत्तर सर्वस्वी प्रोग्रॅमरवर सोपवलेले आहे. मॅलॉक या फंक्शनने जागा मागायची आणि फ्री या फंक्शनने ती परत करायची, एवढाच करार. त्यातली अडचण दोन नेहमीच्या फंक्शनांवरून स्पष्ट होते. स्ट्रडप हे फंक्शन दिलेल्या मजकुराची प्रत काढून तिचा पत्ता देते, आणि ती प्रत फ्री करणे हे फंक्शन बोलावणाऱ्याचे कर्तव्य असते. गेटएन्व्ह हे फंक्शनही मजकुराचा पत्ताच देते, पण तो मजकूर फ्री करायचा नसतो. भाषेच्या दृष्टीने दोन्ही पत्त्यांचा प्रकार एकच, कॅरॅक्टर पॉइंटर, म्हणजे अक्षरांचा पत्ता. मालकी बोलावणाऱ्याकडे आली की नाही, हे फक्त माहितीपुस्तिकेत लिहिलेले असते आणि कंपायलरला, म्हणजे प्रोग्रॅम तपासून यंत्राच्या भाषेत नेणाऱ्या साधनाला, ते कळत नाही. पहिल्या ठिकाणी फ्री करायचे राहिले तर जागा अडकून पडते, म्हणजे मेमरी लीक होते. एकच जागा दोनदा फ्री केली तर हीपचा हिशेब बिघडतो. फ्री केल्यानंतर वापरली तर लोंबकळत्या संदर्भाचा दोष उद्भवतो. शेवटचा दोष सर्वांत घातक मानला पाहिजे, कारण जागा अजून दुसऱ्या कोणाला मिळालेली नसेल तर चाचणीत सगळे सुरळीत चाललेले दिसते. क्रोमियम ब्राउझरच्या चमूने २०२० साली जाहीर केले की त्यांच्याकडच्या गंभीर सुरक्षा-दोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष मेमरीच्या असुरक्षित वापराचे होते, आणि त्यांतले निम्मे फ्री केलेली जागा पुन्हा वापरल्याचे.

हा दोष कोणीही फ्री न लिहिताही घडू शकतो. वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार आवारात येणाऱ्या कांद्याच्या गाड्यांची नोंद ठेवणारा सी प्लस प्लस भाषेतला एक छोटा प्रोग्रॅम कल्पावा. नोंदी एका व्हेक्टरमध्ये, म्हणजे गरजेनुसार वाढणाऱ्या सलग यादीत, आहेत, त्याची सध्याची क्षमता चार आहे आणि चारही जागा भरलेल्या आहेत. प्रोग्रॅमने पहिल्या गाडीच्या नोंदीचा संदर्भ ‘पहिली’ या नावाने जवळ ठेवला आणि त्यानंतर पाचवी गाडी आली. व्हेक्टरमध्ये जागा नाही, म्हणून तो अधिक मोठी सलग जागा मागतो, चारही नोंदी तिथे हलवतो, पाचवी त्यांच्यामागे ठेवतो आणि जुनी जागा परत करतो. ‘पहिली’ हे नाव अजून जुन्याच जागेकडे बोट दाखवत आहे. पुढच्या ओळीत ‘पहिली’चे वजन वाचले, तर कदाचित बरोबर आकडा येईल, कदाचित भलताच. क्षमता आठ असती तर हा दोष पाचव्या गाडीऐवजी नवव्या गाडीला दिसला असता. नोंदींचा मालक व्हेक्टर आहे आणि त्या हलवण्याचा त्याला अधिकार आहे. चूक आहे ती मालक बदल करत असताना दुसऱ्याने संदर्भ धरून ठेवण्याची.

जागा परत करण्याचे काम माणसाकडून काढून घेण्याचे दोन मार्ग १९६० सालीच प्रसिद्ध झाले. जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेच्या संदर्भात गार्बेज कलेक्शनची रीत मांडली : प्रोग्रॅमला ज्यांच्यापर्यंत कोणत्याही वाटेने पोहोचता येते असे सगळे ऑब्जेक्ट शोधून त्यांवर खूण करायची आणि बाकीची जागा मोकळी समजायची. त्याच वर्षी जॉर्ज कॉलिन्स यांनी संदर्भगणनेची रीत मांडली, जिच्यात प्रत्येक ऑब्जेक्टसोबत त्याच्या संदर्भांची संख्या ठेवली जाते आणि ती शून्य होताच जागा परत केली जाते. जावा आणि गो या भाषा पहिल्या वाटेने जातात, स्विफ्ट दुसऱ्या. पायथनच्या सीपायथन या मुख्य आवृत्तीत संदर्भगणना हा पाया आहे आणि तिला न दिसणारी चक्रे शोधण्यासाठी २००० सालच्या २.० आवृत्तीपासून वेगळा कलेक्टर आहे.

हे चक्र म्हणजे संदर्भगणनेतली खरी गाठ. सोसायटीचा हिशेब ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘इमारत’ हा ऑब्जेक्ट आपल्या ‘सदनिके’चा संदर्भ ठेवतो आणि आपली इमारत कोणती हे कळावे म्हणून सदनिकाही इमारतीचा संदर्भ ठेवते. फंक्शनमधले एक चल (व्हेरिएबल) इमारतीकडे बोट दाखवत असताना इमारतीची गणना दोन असते : एक चलाची, एक सदनिकेची. फंक्शन संपले की ती एकवर येते आणि तिथेच थांबते, कारण सदनिका जिवंत आहे. आणि सदनिका जिवंत आहे ती इमारतीने तिला धरल्यामुळे. बाहेरून दोघींकडे जाणारी वाट उरलेली नाही, तरी जागा अडलेली. यावरचा उपाय म्हणजे दोनपैकी एक संदर्भ दुबळा करणे, म्हणजे गणनेत न धरणे. कोणता दुबळा करायचा, हे यंत्राला ठरवता येत नाही. इमारतीमुळे सदनिका आहे, म्हणून वरून खाली जाणारा संदर्भ मालकीचा आणि खालून वर जाणारा दुबळा, हा निर्णय विषय समजणाऱ्या माणसानेच घ्यायचा असतो.

गार्बेज कलेक्टर असलेल्या भाषेत मालकीचा विचार करावा लागत नाही, हा समज प्रचलित आहे आणि तो चुकीचा आहे. कलेक्टर पोहोचता न येणारे ऑब्जेक्ट काढतो. पोहोचता येणारे पण नको असलेले काढत नाही. कॅशमध्ये, म्हणजे पुन्हा लागेल म्हणून जवळ ठेवलेल्या साठ्यात, टाकून विसरलेली नोंद किंवा स्क्रीन बंद झाल्यावरही न काढलेला लिसनर, म्हणजे घटना घडली की बोलावला जाणारा ऑब्जेक्ट, जागा अडवून बसतातच. शिवाय फाइल, डेटाबेसची जोडणी, लॉक (एका वेळी एकालाच वापर करू देणारे कुलूप) या गोष्टी कलेक्टरच्या सवडीने परत होऊन चालत नाही. त्या ठरल्या क्षणी सुटाव्या लागतात. म्हणूनच पायथनमध्ये विथ, सी शार्पमध्ये युझिंग आणि जावामध्ये २०११ सालच्या सातव्या आवृत्तीपासून ट्राय-विथ-रिसोर्सेस ही रचना आहे.

सी प्लस प्लसने मालकी प्रकारातच लिहिण्याची सोय केली. ऑब्जेक्टचे आयुष्य संपताना त्याचा डिस्ट्रक्टर, म्हणजे आवराआवर करणारे फंक्शन, आपोआप चालतो, या नियमावर २०११ सालच्या प्रमाण आवृत्तीतला युनिक पॉइंटर एकट्याची मालकी, शेअर्ड पॉइंटर सामायिक मालकी आणि वीक पॉइंटर दुबळा संदर्भ व्यक्त करतो. फंक्शनने युनिक पॉइंटर परत दिला की मालकी बोलावणाऱ्याकडे आली, हे आता पुस्तिका न उघडता कळते. साधे संदर्भ मात्र पूर्वीइतकेच बेभरवशाचे राहिले, आणि वरचा व्हेक्टरचा दोष कंपायलर मुकाट्याने स्वीकारतो.

तो दोष नाकारणारी भाषा म्हणजे रस्ट, जिची पहिली स्थिर आवृत्ती १५ मे २०१५ रोजी आली. तिच्यात प्रत्येक मूल्याला एका वेळी एकच मालक असतो आणि मूल्य दुसऱ्या चलाला दिले की, काही साधे प्रकार सोडल्यास, मालकी हलते व जुने नाव वापरता येत नाही. मालकी न देता मूल्य उसने देता येते : वाचण्यासाठी एका वेळी कितीही जणांना, बदलण्यासाठी फक्त एकाला, आणि दोन्ही एकत्र कधीच नाही. गाड्यांच्या प्रोग्रॅममध्ये ‘पहिली’ हे वाचनासाठी उसने घेतलेले आहे आणि ते पुढे वापरायचे आहे, म्हणून मधल्या ओळीत व्हेक्टरमध्ये भर घालू देण्यास कंपायलर नकार देतो. फंक्शनच्या मथळ्यात लिहिल्या जाणाऱ्या आयुष्यखुणांविषयी (लाइफटाइम) शिकणाऱ्यांचा हमखास गोंधळ होतो. त्या खुणा कोणाचेही आयुष्य वाढवत नाहीत. परत दिलेला संदर्भ कोणत्या उसन्या मूल्यावर अवलंबून आहे, एवढेच त्या सांगतात. करारात मुदत नोंदवल्याने मूळ भाडेपट्टा लांबत नाही, तसेच हे.

एकमालकीच्या या शिस्तीत आलेख (ग्राफ, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या घटकांचे जाळे) किंवा दोन्ही दिशांनी जोडलेली यादी अवघड होऊन बसते, कारण तिथे स्वाभाविक असा एक मालक नसतोच. अशा वेळी सगळे घटक एका सामायिक साठ्याच्या मालकीत ठेवून परस्परांकडे संदर्भाऐवजी क्रमांकाने बोट दाखवण्याची रीत रूढ आहे. पण क्रमांकही शिळा होतो : सातव्या जागेतला घटक काढून तिथे नवा ठेवला, तरी जुना ‘सात’ तिथेच पोहोचतो. म्हणून क्रमांकासोबत पिढीचा आकडाही देतात. जागा रिकामी झाली की तिची पिढी एकाने वाढते, आणि जुनी पिढी घेऊन आलेल्याला साठा आत घेत नाही. मेमरीच्या दाराला नसलेले कुलूप इथे प्रोग्रॅमर स्वतः बसवतो.